पुनर्जन्म : एका संगणकीय खेळातला

द्वितीय वर्ष, कला शाखा

‘पुनर्जन्म’ हा शब्द आपण कीर्तनात ऐकतो, तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकतो, आणि नापास झालेल्या मैत्रिणीची समजूत घालताना थट्टेनेही वापरतो. परंतु हाच शब्द एका व्हिडिओ गेममध्ये भेटतो, आणि तोही नियम, किंमत व हिशोब यांसह भेटतो, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. व्हिडिओ गेमचे नाव काढले की गुरुजनांच्या कपाळावर आठी उमटते, हे मला ठाऊक आहे. ती आठी अगदीच अनाठायी आहे असेही मी म्हणणार नाही. तरी वाचकांनी थोडा वेळ ती बाजूला ठेवावी, अशी विनंती आहे. कारण प्रस्तुत लेखाचा विषय खेळातली मारामारी हा नसून, एकदा घेतलेला निर्णय बदलण्याची सोय खेळात कशी केलेली असते, हा आहे.

मी खेळते ते माझ्या मावसभावाच्या संगणकावर. तालुक्याच्या गावी त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे आणि शिक्षणासाठी मी मावशीकडेच राहते. रात्री दुकानाचे शटर अर्धे ओढले की तासभर यंत्र माझ्या ताब्यात येते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. या गोष्टीचा प्रस्तुत विषयाशी काय संबंध, हे लेखाच्या ओघात येईलच.

पात्र घडते कसे?

ज्या खेळात खेळणारा एखादे पात्र धारण करतो आणि त्याला हळूहळू वाढवत नेतो, त्याला ‘रोल प्लेइंग’ खेळ म्हणतात. या प्रकाराचे मूळ संगणकात नाही, कागदात आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा कागद, पेन्सिल आणि फासे यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध केला. पात्राचे बळ, बुद्धी वगैरे गुण आकड्यांत मांडायचे, आणि अनुभव मिळेल तशी त्याची पातळी वाढवायची, ही कल्पना तेथून पुढे संगणकात आली.

उदाहरणादाखल मी ‘एल्डन रिंग’ हा खेळ घेते. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रकाशित केला. हिदेताका मियाझाकी हे त्याचे दिग्दर्शक असून, त्यामागची पुराणकथा रचण्यात जॉर्ज आर. आर. मार्टिन या कादंबरीकारांचा हात आहे. यातील पात्राला आठ गुण असतात. जोम, मन, दम, बळ, चपळाई, बुद्धी, श्रद्धा आणि गूढशक्ती अशी मराठी नावे मी त्यांना दिली आहेत. जोमावर आयुष्य अवलंबून, मनावर मंत्र किती वेळा टाकता येतील ते, दमावर धावणे व वजन पेलणे. उरलेल्या पाचांवर कोणते हत्यार वा कोणता मंत्र चालवता येईल ते ठरते.

खेळाच्या आरंभी दहा प्रकारच्या पात्रांतून एक निवडावे लागते. कोणी योद्धा, कोणी ज्योतिषी, कोणी कैदी, कोणी अंगावर वस्त्रही नसलेला अभागी. सर्वांची सुरुवातीची पातळी सारखी नसते आणि गुणांची वाटणीही वेगळी. वरवर पाहता यात काही सूत्र दिसत नाही. पण वहीत बेरीज करून पाहिली तर एक मौज कळते. कोणत्याही पात्राच्या आठ गुणांची बेरीज ही त्याची पातळी अधिक ७९ एवढीच भरते. अभाग्याची पातळी १, आठही गुण दहा-दहा, बेरीज ८०. भटक्या सरदाराची पातळी ९, बेरीज ८८. ज्योतिष्याची पातळी ६, बेरीज ८५. म्हणजे खेळाने कोणालाही फुकट काही दिलेले नाही. फक्त वाटणी निराळी केलेली आहे. पुढे शत्रूंना मारून ‘रून’ नावाचे धन मिळते. ते खर्चून पातळी एकेक वाढवायची, आणि प्रत्येक पातळीला एक गुण आपल्या मर्जीप्रमाणे कोठेही घालायचा. दर पातळीला धन मात्र आधीपेक्षा अधिक लागते.

गुण वाया कसे जातात?

येथेच खरी अडचण सुरू होते. गुण कोठे घालावा हे खेळ सांगत नाही. जोमाचेच पाहा. जोम २५ वरून ४० वर नेला तर आयुष्याचे आकडे ८०० वरून १,४५० होतात. ४० वरून ६० वर नेला तर १,९००. परंतु ६० पासून थेट ९९ पर्यंत, म्हणजे आणखी ३९ गुण ओतले, तर मिळतात अवघे २००! नव्या माणसाला हे कोण सांगणार? ज्याच्या ओळखीत अनुभवी खेळाडू आहे, किंवा जो सगळी माहिती वाचूनच खेळायला बसतो, तो योग्य ठिकाणी थांबतो. बाकीचे ओततच राहतात.

दुसरी अडचण हत्यारांची. प्रत्येक हत्याराची अट असते. ‘ग्रेटस्वोर्ड’ नावाची प्रचंड तलवार एका हाताने चालवायला बळ ३१ आणि चपळाई १२ लागते. ‘मूनव्हेल’ नावाच्या तलवारीला बळ १२, चपळाई १८ आणि बुद्धी २३ लागते. आता ज्याने पन्नास पातळ्या बळ वाढवण्यात घालवल्या, त्याच्या हाती वाटेत मूनव्हेल आली, आणि आपला कल मंत्रतंत्राकडे आहे असे त्याच्या ध्यानात आले, तर त्याने काय करावे? नवे पात्र घेऊन पहिल्यापासून आरंभ करावा? तीस-चाळीस तासांच्या श्रमांवर पाणी सोडावे?

राणी आणि तिचा अश्रू

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘लार्व्हल टियर’. शब्दशः अर्थ करायचा तर ‘अळीरूप अश्रू’. खेळातील भूमीवर ‘रुपेरी अश्रू’ नावाचे, दुसऱ्याचे रूप घेणारे जीव आहेत. त्या जिवाचा गाभा म्हणजे ही वस्तू. मात्र ती नुसती जवळ असून भागत नाही. पुनर्जन्म देण्याचा अधिकार रेनाला या एका राणीलाच आहे.

रेनालाची कथा करुण आहे. ती ‘राया लुकारिया’ या विद्यापीठाची प्रमुख. राडागोन हा तिचा पती तिला सोडून दुसऱ्या राणीकडे गेला. जाण्यापूर्वी त्याने दिलेले अंबराचे एक अंडे मात्र तिच्याजवळ राहिले. ते उराशी धरून ती ग्रंथालयात बसून असते आणि आपल्या विद्यार्थिनींना पुन्हा पुन्हा नवा जन्म देत राहते. ते जन्म अपुरे राहतात. त्या मुली धड उभ्याही राहू शकत नाहीत, जमिनीवर सरपटतात. अश्रू असेल तरच जन्म पुरा होतो.

तिच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग असा. लिउर्निया हा सरोवराचा प्रदेश. त्याच्या मध्यभागी विद्यापीठ. त्याचे दार मंत्राने बंद असते आणि त्याची किल्ली विद्यापीठाच्या पश्चिमेला, स्माराग नावाच्या निजलेल्या ड्रॅगनच्या मागे एका प्रेताजवळ असते. ड्रॅगनला न उठवता किल्ली काढून आणणे शक्य आहे. आत गेल्यावर राडागोनचा लाल लांडगा, आणि शेवटी ग्रंथालयात खुद्द रेनाला. युद्धाच्या पहिल्या अंकात ती संरक्षक कवचात तरंगत असते. सरपटणाऱ्या मुलींपैकी ज्यांच्याभोवती सोनेरी प्रकाश असतो त्यांना गाठल्याशिवाय ते कवच फुटत नाही. दुसऱ्या अंकात ती चंद्रप्रकाशात उभी राहून मंत्रांचा वर्षाव करते. तिचा पराभव झाल्यावर ती मरत नाही. तेथेच बसून राहते. यापुढे अश्रू घेऊन केव्हाही जावे आणि पुनर्जन्म मागावा.

अश्रू कोठे शोधावेत?

मूळ खेळाच्या एका फेरीत असे दीड डझन अश्रू आहेत. २०२४ च्या जून महिन्यात आलेल्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या पुरवणी भागात त्यांत आणखी काहींची भर पडली. नवख्या माणसाला सर्वांत सोयीचा अश्रू विकत मिळतो. लिमग्रेव्ह प्रदेशाच्या पूर्वेला मिस्टवुड नावाचे रान आहे. तेथील एका पडक्या वास्तूत खाली जाणारा पाळणा असून तो सिओफ्रा नदीच्या भूमिगत प्रदेशात उतरवतो. त्या प्रदेशात एक एकाकी व्यापारी बसलेला असतो. त्याच्याकडे ३,००० रूनना अश्रू मिळतो. कॅरिया मॅनॉर या वाड्याच्या आवारातला पिडिया नावाचा सेवकही अश्रू विकतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला वाड्याच्या मागील बाजूने छपरांवरून खाली उतरावे लागते.

बाकीचे अश्रू बहुतांशी नोक्रॉन आणि नोकस्टेला या पाताळातल्या दोन शहरांत, थडग्यांजवळ व प्रेतांजवळ सापडतात. नोक्रॉनला जायचे तर आधी राडान या सेनापतीला हरवावे लागते. तो पडताच आकाशातून तारा कोसळतो, मिस्टवुडजवळ भूमीला प्रचंड खिंडार पडते, आणि तोच शहराचा रस्ता होतो. काही अश्रू जमिनीवर वेश पालटून फिरणाऱ्या जिवांकडे असतात. दिसायला किरकोळ शत्रू, पण वार केला की भलतेच मोठे रूप घेतो. तो पडला की अश्रू आपला.

नोक्रॉनच्या वाटेवरील एक लढत या सर्वांत मला विशेष आवडते. तेथे ‘मिमिक टियर’ हा शत्रू आहे. तो हुबेहूब आपलेच रूप, आपलेच कपडे, आपलेच हत्यार घेऊन उभा राहतो. जाणकार एक युक्ती करतात. आत शिरण्यापूर्वी अंगावरचे सगळे उतरवून ठेवतात. शत्रूही निःशस्त्र उभा राहतो, आणि मग आपण चटकन हत्यार हाती घ्यायचे. स्वतःशीच झालेली ही लढत जिंकली की बक्षीस म्हणून मिळतो तो अश्रूच.

वापर कसा करावा?

राणीजवळ पुनर्जन्म मागितला की पात्राचे सर्व गुण आरंभीच्या आकड्यांवर परत येतात आणि कमावलेले सगळे गुण मोकळे होतात. ते नव्याने वाटायचे. शेवटी होकार दिला म्हणजेच अश्रू खर्च होतो. तत्पूर्वी माघार घेतली तर तो तसाच राहतो. म्हणून आधी वहीत मांडणी करावी आणि मगच राणीपुढे जावे.

एक उदाहरण सोडवून दाखवते. भटका सरदार, पातळी ६०. एकूण बेरीज १३९. आरंभीची ८८ वजा जाता ५१ गुण वाटायला मिळतात. पहिल्या जन्मात त्याने जोमाला २०, दमाला १० आणि बळाला २१ दिले होते. त्यामुळे जोम ३५, दम २१, बळ ३५, आणि हाती ग्रेटस्वोर्ड. दुसऱ्या जन्मात त्याला मूनव्हेल चालवायची आहे. तो जोमाला १५, मनाला ७, चपळाईला ५ आणि बुद्धीला २४ देतो. जोम ३०, मन १७, चपळाई १८, बुद्धी ३३. हिशोब बरोबर ५१.

आता यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पातळी कमी होत नाही. जे कमावले ते कमावलेच राहते. दुसरी, आरंभीच्या आकड्याखाली कोणताही गुण नेता येत नाही. मूनव्हेलला बळ १२ पुरते, पण सरदाराचे बळ जन्मतःच १४ आहे, तेव्हा ते दोन गुण अडकून पडतात. तिसरी, हत्यारावर खर्चलेले धार वाढवण्याचे दगड परत मिळत नाहीत. ग्रेटस्वोर्डला एका जातीचे दगड लागतात, मूनव्हेलला दुसऱ्या. तेव्हा नव्या हत्यारासाठी दगड आधी जमवून ठेवावेत. आणखी एक लहानशी सूचना अशी की, हत्यार दोन्ही हातांनी धरले तर बळ दीडपट मानले जाते. नुसत्या बळाची अट पुरी करायची असेल, तर पुष्कळदा पुनर्जन्माची गरजच पडत नाही. ग्रेटस्वोर्डला मग २१ बळ चालते.

आपल्याकडे कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन प्रकार सांगतात. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांची क्षमा मागून मी म्हणेन की पातळी हे या पात्राचे संचित, आरंभीचे आकडे हे प्रारब्ध आणि मोकळे गुण हे क्रियमाण. रेनाला संचिताला हात लावत नाही आणि प्रारब्ध तिला पुसता येत नाही. ती देते ते क्रियमाण पुन्हा आपल्या हाती.

मग प्रश्न उरतो तो असा, की हे प्रारब्ध नडते किती? याचाही हिशोब करता येतो. सरदाराऐवजी ज्योतिषी घेतला असता, जो जन्मतःच बुद्धीने १६ आहे, तर त्याच ६० पातळीला त्याची वाटणी जोम ३०, मन २१, दम ९, बळ १२, चपळाई १८, बुद्धी ३३ अशी झाली असती. सरदाराशी ताडून पाहा. जोम, चपळाई आणि बुद्धी दोघांची सारखीच. ज्योतिष्याकडे मनाचे ४ गुण जास्त, सरदाराकडे दमाचे २ जास्त. साठ पातळ्यांच्या वाटचालीनंतर जन्माचा कामाचा फरक उरला तो जवळजवळ एवढाच.

इतर खेळांतील रीत

ही सोय सर्वत्र सारखी नाही. २००० साली निघालेल्या ‘डायब्लो २’ मध्ये ती नव्हतीच. २०१० च्या दुरुस्तीत ती आली. अकारा नावाची स्त्री तीन काठिण्यपातळ्यांत मिळून तीनदा पात्र मोकळे करून देते, आणि त्यापुढे चार दुर्मिळ अर्क एकत्र करून ‘टोकन ऑफ ॲब्सोल्यूशन’ बनवावे लागते. फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच ‘डार्क सोल्स’ (२०११) आणि ‘ब्लडबोर्न’ (२०१५) यांत अशी कोणतीही वस्तू नाही. ‘डार्क सोल्स ३’ (२०१६) मध्ये रोझारिया नावाची देवी एका फेरीत पाचच वेळा पुनर्जन्म देते. ‘पाथ ऑफ एक्झाईल’मध्ये ‘ऑर्ब ऑफ रिग्रेट’ म्हणजे पश्चात्तापाचा गोळा मिळतो, आणि एका गोळ्याने एकच गुण परत येतो. याउलट ‘बॉल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये विदर्स नावाचा सांगाडा शंभर सुवर्णनाण्यांत हवे तितक्या वेळा हे काम करतो.

एक हरकत आणि तिचे उत्तर

दादाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, ही सोय मुळीच पसंत नाही. तो वयाने माझ्याहून बराच मोठा. ‘डायब्लो २’ त्याने सोय येण्यापूर्वीच्या काळात खेळलेला. तो म्हणतो, “एकदा घेतला निर्णय की घेतला. दर वेळी मागे फिरता आलं, तर निर्णयाला किंमत काय राहिली? आम्ही पात्र बिघडलं तर नवं घ्यायचो, पहिल्यापासून.”

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. शंभर नाण्यांत रोज नवा जन्म मिळू लागला तर माणूस विचारच करणार नाही. अश्रू मोजके आहेत, ते शोधावे लागतात, राणीला हरवावे लागते, आणि म्हणूनच वहीत मांडणी करण्याची बुद्धी होते. परंतु मी त्याला विचारले, “दादा, पात्र बिघडतं कोणाचं?” ज्याला आधीच कोणी सांगितलेले असते त्याचे बिघडत नाही. त्याला अश्रूची गरजच नसते. बिघडते ते ज्याच्या मागे सांगणारे कोणी नाही त्याचे. तेव्हा पुनर्जन्माची सोय काढून टाकली, तर शिक्षा आळशाला होत नाही. एकट्याने आलेल्याला होते. दादा यावर काही बोलला नाही. पण त्या दिवशी शटर नेहमीपेक्षा अर्धा तास उशिरा ओढले.

आपल्या महाविद्यालयात दर वर्षी विषय बदलण्याची एक सूचना फलकावर लागते. तिला शेवटची तारीख असते. ज्यांच्या घरी काका प्राध्यापक किंवा ताई पदवीधर आहे, त्यांना तो कागद वाचण्यापूर्वीच सगळे ठाऊक असते. माझ्या आईला ‘मुख्य विषय’ आणि ‘गौण विषय’ हा भेद कोणी सांगितलेला नाही. प्रवेशाच्या दिवशी ती माझ्याबरोबर रांगेत उभी होती आणि खिडकीवरच्या कारकुनांनी जे विचारले त्याला आम्ही दोघींनी मिळून उत्तरे दिली. आमच्यासारख्या घरांतून येणाऱ्या मुलामुलींचा पहिला निर्णय बहुधा असाच, रांगेत उभ्या उभ्या होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा परत येण्याची, आणि मिळवलेले श्रेयांक जमा ठेवण्याची तरतूद आहे. ‘पातळी कमी होत नाही’ याचेच हे शासकीय भाषांतर म्हणावे लागेल. अश्रू आहेत, पण ते कोठे आहेत हे सांगणारे कोणीतरी हवे.

म्हणून लेखाच्या शेवटी एक विनंती. पुढील वर्षी प्रवेशाच्या आठवड्यात आम्ही द्वितीय वर्षाच्या काही मुली ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर बसण्याचे ठरवीत आहोत. नव्याने येणाऱ्यांना कोणता विषय म्हणजे काय, तो कधीपर्यंत बदलता येतो, अर्ज कोठे मिळतो आणि त्यावर कोणाची सही लागते, एवढेच आम्ही सांगू. ज्यांना सवड असेल त्यांनी बसायला यावे. गुरुजनांपैकी कोणी दहा मिनिटे थांबले तर आमच्या सांगण्याला वजन येईल. आणि ‘एल्डन रिंग’विषयी कोणाला काही विचारायचे असेल, तर तेही त्याच बाकावर विचारावे. सिओफ्राच्या व्यापाऱ्याचा पत्ता मी नकाशा काढून देईन.